पुलापलीकडून आलेली पिशवी

काकांनी तीस वर्षं आमच्या गावच्या बसमध्ये कंडक्टरकी केली. त्यामुळे शहरात टॅक्सीचं नावही काढायचं नाही, हे घरूनच ठरलेलं. दिवसभराचा एकेक पास काढला की अख्खं शहर आपलं, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगते, सकाळपासून बस बदलत निघालो तेव्हा माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रस्त्यावर रस्ता, त्याच्यावर आणखी एक रस्ता, आणि त्या सगळ्यात वरच्या रस्त्यावरूनही इमारती मान वर करूनच बघाव्या लागायच्या. एकेका इमारतीत आमचं गाव मावून वर पाहुण्यांना जागा उरली असती.

पण मी काही फिरायला आले नव्हते. नर्सिंगच्या यादीत माझं नाव अगदी शेवटचं होतं. बारापर्यंत मूळ कागद कॉलेजच्या खिडकीवर दाखवले नाहीत, तर जागा दुसऱ्या मुलीला. कागद, माझा मोबाइल, दोघांचे पास, काकांचं पाकीट, सगळं एका कापडी पिशवीत, आणि पिशवी काकांच्या खांद्याला. माझा धांदरटपणा त्यांना चांगला माहीत होता.

सव्वाअकराला आमचा थांबा आला. मी गर्दीबरोबर उतरले. काका मागे, नेमके घंटीच्या दोरीखाली. खरा कंडक्टर पुढे तिकिटं फाडत होता. माणसं उतरलेली दिसली आणि काकांचा हात आपोआप वर गेला. टण टण. डबल बेल! बस निघालीसुद्धा. खिडकीत काकांचा चेहरा दिसला. आपण काय करून बसलो हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"अहो काका!" मी ओरडले. बस समोरच्या पुलावर चढली. त्या पुलाचं दुसरं टोक दिसतही नव्हतं.

काकांना मनातल्या मनात इतकं बोलले की त्यांनी ऐकलं असतं तर तिथेच निवृत्तीचा दुसरा अर्ज दिला असता. समोरचा दिवा बदलला की हजारेक माणसं रस्ता ओलांडायची, आणि कुणाचा कुणाला धक्का लागायचा नाही. मग पुढची हजार. यात एकही चेहरा पुन्हा दिसत नव्हता. एवढी माणसं एका जागी असू शकतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं. आणि यातून माझा एक म्हातारा माणूस परत कसा यायचा?

साडेअकरा झाले. पावणेबाराला समोरच्या बाजूला एक बस थांबली आणि तिच्या दारातून कंडक्टर ओरडला, "पिवळा ड्रेस, जाड चष्मा, कपाळाला आठी! तुम्हीच ना हो?"

मी धावले. त्याच्या हातात आमची पिशवी होती.

"पुलाच्या पलीकडच्या पायथ्याशी त्यांची आणि माझी गाडी अडकली होती, अगदी खेटून. तुमच्या काकांनी खिडकीतून दिली," तो म्हणाला. "म्हणाले, आधी खिडकी गाठ, मी येतोच."

त्याचे आभार मानायचेही राहिले. पोचले तेव्हा बाराला पाच कमी होते. खिडकीतल्या बाईंनी कागद तपासले, शिक्का मारला, आणि माझा जीव भांड्यात पडला. पिशवी आवरताना मात्र हात थांबला. तळाशी दोन पास होते. आणि पाकीट.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. सव्वा वाजता काका दिसले, पायी. सदरा घामाने अंगाला चिकटलेला.

"झालं?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"झालं. तुम्ही चालत आलात?"

"कंडक्टर तसंच बसा म्हणत होता गं. पण मी किती जणांना विनातिकीट म्हणून खाली उतरवलंय! कसा बसू?"

ते माझ्या शेजारी टेकले. रागाचं एकही वाक्य मला आठवेना. काका वर बघत होते. सकाळी बसमधून मी बघत होते तसेच.

"पुलावरून बघितलं. चहूबाजूंना नुसतं शहर. संपतच नाही," ते हळूच म्हणाले. "आणि तू इथं एकटी राहणार."

मी त्यांचा घामेजला हात धरला. मला फार भीती वाटली, आणि मी तसं त्यांना सांगून टाकलं.

"मलाही," काका म्हणाले.