सावडीचा फळा

"ए वान्दोवाली, तण काय पळून जातंय व्हय? शाळा जाईल की! ऊठ!"

दोकजा बांधावरनं ओरडली, तरी पिल्सुन आजीनं मान वर केली नाही. सोलगोल गावाची तांबडी माती उन्हानं अशी तापली होती की खुरपं टेकलं की फुफाटा उडायचा. मिरची कोमेजून गेलेली आणि तण मात्र माजलेलं. पिल्सुनची स्वतःची पात, वाट्याची ओळ, केव्हाच संपली होती. पण शेजारची मालसुन गुडघ्यानं अधू, ती निम्म्यावर रखडली होती. म्हणून पिल्सुन समोरच्या टोकानं तिच्या पातीत शिरून तिच्याकडं खुरपत निघाली होती. सावडीला, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबायला गेलं की हाच रिवाज. आपली पात संपली म्हणून कोणी बांधावर जाऊन बसत नाही. बसलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"हिला एकटीला मदीच टाकून येऊ व्हय?" पिल्सुन म्हणाली.

"अगं पर आज साहेब यायचाय! त्यो आपल्या आधी शाळंत पोचला तर काय सांगणार, गवत उपटत हुतो?"

"जा गं बायांनो, जा," मालसुन कळवळून म्हणाली. "माझ्यापायी शाळा नगा घालवू."

पिल्सुन उठली खरी, पण मन काही उठलं नाही. न्याहारीचा डबा तसाच बांधावर राहिला.

वान्दो बेटावरनं नांदायला आली म्हणून गाव तिला वान्दोवाली म्हणायचं. पिल्सुन हे नाव पुन्हा ऐकू यायला लागलं ते शाळेच्या हजेरीत. गावात पोरंच उरली नव्हती. दुसरीच्या वर्गात एकटी नारे. शाळा मोडायला आली तेव्हा मुख्याध्यापक दारोदार फिरला आणि पिल्सुन, दोकजा या दोघींची नावं पटावर घातली. दोकजा गंमत म्हणून आली. पिल्सुनची गोष्ट वेगळी. लहानपणी बापानं भावाच्या पाठीवर दप्तर दिलं आणि हिच्या पाठीवर धाकटी बहीण बांधली. आता सत्तरी उलटल्यावर मिळालेलं दप्तर ती रात्री उशाशी घेऊन निजायची. हसा खुशाल!

पण दोन म्हाताऱ्या आणि एक पोर एवढ्यावर शाळा किती तगणार? मग वर्गाच्या शिक्षिका बान बाईंनी तोड काढली. डोंगरापलीकडच्या म्योराम गावच्या शाळेतही दुसरीत तीनच पोरं होती. दोन्ही वर्ग जोडून टाकले. भिंतीवरच्या पडद्यावर तिकडची पोरं दिसायची, आणि सगळ्यांच्या टॅबवर एकच सामायिक फळा. ज्याचा त्याचा एक चौकोन. इकडं लिहिलेलं तिकडं दिसायचं. "ही तर सावडच की!" पिल्सुन पहिल्या दिवशीच म्हणाली होती. चौकोनाला ती वाफा म्हणायची.

हा जोडवर्ग खरंच चालतो का, हे बघायला आज शिक्षण कार्यालयातले योम साहेब येणार होते. त्यांना पटलं तर पुढच्या वर्षी शाळा राहणार. नाही पटलं तर सोलगोलच्या शाळेला कुलूप, नारे बसनं शहरातल्या शाळेत. आणि म्हाताऱ्यांना तिथं कोण विचारतंय?

साहेब आले. पायात शाळेच्या सपाता घालून मागं भिंतीशी बसले. माणूस वाईट नव्हता, पण चेहरा सगळा इस्त्रीचा.

"आज लिहायचंय, 'आमच्या घरची सकाळ'," बान बाईंनी सांगितलं. "जेवणाच्या घंटेपर्यंत सगळे चौकोन भरले पाहिजेत. मग वाचून दाखवायचं."

पिल्सुननं टॅबची काडी खुरप्यासारखी मुठीत धरली. 'मी उठते. कोंबडी उठते. मिरचीत जाते. शाळेत येते.' झालं! पात संपली. तिनं घाम पुसला आणि सवयीनं शेजारी नजर टाकली. शेजारचा चौकोन म्योरामच्या येरिनचा. पडद्यावर ती पोर खाली मान घालून बसलेली. चौकोनात एकच शब्द, 'आई'. पुढं सगळं रान मोकळं.

पिल्सुनचा जीव गलबलला. पोर मागं राहिली. साहेब घड्याळाकडं बघतोय. आणि मघा एक पात अर्धी सोडून आलो, ते तर आतून टोचतच होतं. तिनं काडी उचलली आणि येरिनच्या चौकोनात लिहिलं, 'भात करते.'

अक्षरं पुसली गेली. या यंत्राला अशी खोड होतीच, पिल्सुनचं लिहिलेलं ते एरवीही गिळायचं. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. आता तिनं दात-ओठ खाऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आई भात करते. हाक मारते.'

त्यासरशी तो चौकोन काळ्या रेघोट्यांनी भरून गेला आणि पडद्यातनं किंकाळी आली, "नाही करत! माझी आई नाही करत भात!"

तिकडचे नाम गुरुजी धावले. येरिन टॅब उपडा करून हुंदके देत होती.

"येरिनच्या चौकोनात कोण लिहितंय?" नाम गुरुजींनी विचारलं. "सोलगोलमधनं कोणीतरी लिहिलंय. नारे, मागं फुलपाखरं तूच काढली होतीस ना सगळ्यांच्या चौकोनांत?"

"मी नाही!" नारेचा चेहरा पडला. "या वेळी मी नाही, शप्पथ!"

योम साहेब कोरडेपणानं म्हणाले, "बान बाई, एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं बिघडवायचं, हाच का तुमचा जोडवर्ग?"

दोकजानं पिल्सुनचा झगा ओढला आणि कानाशी पुटपुटली, "गप बस. पोरीला दोन शब्द बोलत्याल आन् सोडून देत्याल. तुजं नाव निघालं तर म्हाताऱ्यांचा काटाच काढील त्यो."

खोटं नव्हतं ते. पण नारेच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं बघवेना. पिल्सुन उठली.

"तिला नगा बोलू. हात माजा हाय."

"का लिहिलंत, आजी?" साहेबांनी विचारलं.

"पोर मागं ऱ्हायली हुती. आमच्यात मागं ऱ्हायलेल्याच्या पातीला हात लावत्यात. घंटा व्हायच्या आत पुरं व्हावं म्हून…" ती पडद्याकडं वळली. "येरिन, बाळ, चुकलं गं माजं. रानात समद्यांची मिरचीच असती. तुज्या वाफ्यात तू काय लावलंयस, ते म्या विचारलंच न्हाई. म्या आडाणीच ती."

येरिन वर बघेना. नाम गुरुजी तिच्याजवळ वाकले, काहीतरी बोलले. बऱ्याच वेळानं तिनं टॅब सुलटा केला, काळ्या रेघोट्या पुसल्या आणि पुन्हा 'आई' लिहिलं. मग थांबली.

आता सगळ्यांच्याच टॅबवर तो एक चौकोन. येरिननं एक अक्षर काढलं, पुसलं. दुसरं काढलं, तेही पुसलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. बान बाईंच्या कपाळावर घाम. पिल्सुनची बोटं शिवशिवत होती, म्हणून तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. उभ्या जन्मात असं हात बांधून कोणाच्या पातीकडं बघत बसायची वेळ तिच्यावर आली नव्हती. खुरपणी परवडली, असं तिला झालं.

घंटा झाली. भातासोबतच्या मुळ्याच्या किमचीचा वास वर्गात घुसला. योम साहेब उठले.

"एक चौकोन अपुरा," ते म्हणाले.

"अपुरा न्हाई, सायेब," पिल्सुन बोलून गेली. "चालू हाय."

"आजी, घंटा झाली."

"हूं दे की. पोर लिवतीय न्हवं?"

बान बाईंनी साहेबांकडं बघितलं, मग पडद्याकडं. "लिही, येरिन. आम्ही बसलोय," असं म्हणून त्या चक्क नारेच्या शेजारी बाकावर बसल्या. नारेनं जेवायच्या काड्यांची उघडलेली डबी पुन्हा बंद केली. तिकडची दोन पोरंही उठली नाहीत. नेहमी जेवायला सगळ्यांच्या पुढं धावणारी दोकजासुद्धा जागची हलली नाही. साहेब दारात क्षणभर घुटमळले आणि परत येऊन बसले.

आणि मग येरिन लिहू लागली. वाकडंतिकडं, पण न पुसता. चौकोन भरला, तरी अक्षरं कडेला बारीक बारीक होत गेली. शेवटी उभी राहून तिनं वाचलं, आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागला:

"आई व्हिएतनामला आजीकडं गेली. सकाळी भात बाबा करतो. तो करपतो. बाबा वरचा मला देतो आणि खालचा स्वतः खातो."

बान बाईंनी तोंड फिरवलं. पिल्सुनच्या गालावरनं पाणी ओघळत होतं, आणि तिनं ते लपवलं नाही.

योम साहेबांनी घसा खाकरला. "बान बाई, पुढच्या वर्षी या मुलीचा चौकोन मोठा ठेवा. जागा पुरली नाही तिला."

"म्हंजी?" दोकजा मोठ्यानं म्हणाली. "शाळा हाय का न्हाई, त्ये सांगा की सायेब सरळ!"

"आहे, आजी, आहे."

नारेनं बाक बडवला. पिल्सुन मात्र पडद्यासमोरच उभी राहिली.

"बाळ, रागावलीस व्हय अजून माज्यावर?"

येरिननं जरा विचार केला. "थोडीशी," ती म्हणाली. मग पडद्याच्या अगदी जवळ आली. "आजी, तू सकाळी काय खाल्लंस? तू तर लिहिलंच नाहीस."

"काय बी न्हाई. घाईत तशीच आले."

"मग इथं काय उभी राहिलीस? जा, जेव आधी!"

पिल्सुनला असं दटावणारं घरात कोणी उरलं नव्हतं. "व्हय, जाते," ती म्हणाली, आणि मुकाट्यानं ताट घ्यायला गेली.