तीन बोटांचे तीस टक्के

नरेशने पहिला ठोसा डाव्या हाताने मारला, कारण उजव्याची मूठ होत नव्हती. उजव्या पंजाला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. ठोसा नेमका भैयालालच्या नाकातोंडावर बसला. भैयालाल म्हणजे रोलिंग मिलच्या ठेकेदाराचा मुन्शी. रोज साडेदहाला गेटसमोरच्या टपरीवर चहा प्यायची त्याची सवय होती. त्या दिवशी तो चहा त्याच्याच शर्टावर सांडला आणि वरून नाकातलं रक्त गळलं.

"साक्ष देतं का नाई?" नरेश ओरडला.

"कायची साक्ष बे?" भैयालालने नाक धरलं, पण जिभेला लगाम घातला नाही. "कागदावर बोटं तुह्या भावाची गेली, अमरदीपची. तुही कुठं गेली, मले काय मालूम? चरोद्याच्या यार्डात दारू पिऊन रुळावर ठेवली असशीन."

यावर नरेशने त्याला बाकावरून खाली ओढलं आणि चपलेसकट बरगडीत तीन लाथा घातल्या. चौथी घालणार, तेवढ्यात टपरीवाल्याने आणि दोन ट्रकवाल्यांनी त्याला मागून कवेत धरलं. भैयालाल मातीत बसून थुंकला. थुंकीत एक दात होता.

"पोलिसात गेलो तं दोघं भाऊ आत जासान!" तो बोबडा ओरडला. "दुसऱ्याच्या पासवर घुसला होता तू. चीटिंग होते ते!"

पण तो पोलिसात गेला नाही. कसा जाईल? चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी गेट त्यानेच उघडलं होतं.

झालं होतं ते असं. मरोद्याच्या वस्तीत चौदा एप्रिल म्हणजे वर्षाचा सण. पण भट्टीला सुट्टी नसते, आणि ठेक्यावरच्या मजुराला तर नसतेच नसते. म्हणून वस्तीने आपली एक रीत पाडून घेतली होती. ज्याचं मिरवणुकीत काम असेल त्याच्या पासवर दुसऱ्या कुणी ड्यूटीला जायचं. मुन्शीच्या हातावर शंभराची नोट ठेवली की पासवरचा फोटो बघायला तो मान वर करत नसे. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे करत होते, आणि कुणाच्या बापाचं काही बिघडलं नव्हतं, गेल्या वर्षीपर्यंत.

गेल्या वर्षी ट्रॅक्टरवरचा देखावा अमरदीपने पंधरा दिवस खपून उभा केला होता. नरेशची रात्रपाळी सकाळी सहाला सुटली. तो स्वतःच्या पासवर बाहेर आला, टपरीवर पोहे खाल्ले आणि धाकट्या भावाच्या पासवर परत आत गेला. भावाची हाजरी बुडू नये, एवढंच. दुपारी पावणेदोनला, सोळाव्या तासाला, त्याचे डोळे मिटायला लागले होते. तापून तांबडी झालेली सळई रोलरची खाच सोडून आली, हातातला चिमटा गरकन फिरला आणि चिमट्याबरोबर उजवा पंजा रोलरकडे ओढला गेला. तीन बोटं गेली. आवाज झाला नाही, नुसता वास आला. नरेशने स्वतःचीच बोटं जळाल्याचा वास घेतला आणि मग तो किंचाळत कोसळला.

दवाखान्यात खिशात पास सापडला, अमरदीप जानराव गजभिये, आणि कागदावर तेच नाव चढलं. भाऊ भाऊ, तोंडवळा एक, कुणाला शंका येणार? खरा अमरदीप तोंडावरचा निळा गुलालसुद्धा न पुसता धावत आला. नर्सने "अमरदीप गजभिये" अशी हाक मारली ती खाटेवरच्या माणसाकडे बघून. अमरदीपने तोंड उघडलं आणि परत मिटलं. पुढचे तेरा महिने ते मिटलेलंच होतं.

जखम भरेपर्यंतचा विम्याचा पैसा अमरदीपच्या खात्यात आला. हे सांगायलाच हवं, की त्यातला एक रुपयाही त्याने ठेवला नाही. एटीएममधून काढून सगळा आईच्या, गिरजाबाईच्या, पदरात टाकला. पण जुलैअखेर तो पैसा थांबला. त्यापुढे कायमचं अपंगत्व ठरवायचं असतं, आणि ते ठरवतं मेडिकल बोर्ड. बोर्डासमोर हात दाखवावा लागतो. कुणाचा हात? कागद म्हणे अमरदीपचा. नरेशने भावाचं कार्ड घेऊन जाऊन बघितलं. खिडकीवरच्या मशीनवर अंगठा ठेवला, तर मशीनने लाल दिवा दाखवला. मशीनला तोंडवळ्याशी काय देणंघेणं?

तेव्हा विमा ऑफिसातल्या कलावती मॅडमनी त्याला बाजूला बसवून नीट सांगितलं होतं. "हे पहा, पास कोणाचाही असो. काम करताना ज्याचं अंग गेलं, विमा त्याचा. तुम्ही स्वतःच्या नावानं अर्ज करा. तीन बोटांचे तीस टक्के धरतात. तुमची मजुरी रोजची साडेचारशे. तिचे नव्वद टक्के म्हणजे चारशे पाच, आणि चारशे पाचचे तीस टक्के. रोज एकशे साडेएकवीस रुपये, मरेपर्यंत. आणि ऑगस्टपासूनची थकबाकी एकरकमी. पण त्या दिवशी आत तुम्ही होता, हे कोणीतरी लिहून द्यायला पाहिजे. तुमची स्वतःची हाजरी तर सहाला गेटबाहेर पडल्याची आहे."

पाळीतले बाकीचे मजूर, स्वतःचे पास जातील म्हणून, लिहून देणार नव्हते. कोणीतरी म्हणजे उरले दोघंच. एक भैयालाल, त्याचा दात मातीत पडला होता. दुसरा सख्खा भाऊ.

टपरीवरून नरेश घरी आला. आता तो रिसालीतल्या चिकनच्या दुकानात कोंबड्या तोडायचा. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत कोंबडी धरायची आणि डाव्या हाताने सत्तूर चालवायचा, हे शिकायला त्याला सहा महिने लागले होते. सत्तूर आणि लाकडी ठोकळा त्याचे स्वतःचे, रोज घरी आणायचा. दोन्ही ओसरीत ठेवलेले होते. दुपारी तीनला अमरदीप पहिल्या पाळीवरून आला, जेवायला बसला. गिरजाबाई भाकर वाढत होती.

"शुक्रवारी बोर्ड आहे," नरेश म्हणाला. "तुह्या नावाचं बोलावनं आलं. चाल माह्यासंगं, आनि खरं सांग."

"जातो मी," अमरदीप ताटाकडे बघत म्हणाला. "एकटाच जातो. मुन्शीचा फोन आल्ता. तो म्हने, हात दाखव, बरा झाला मनून सांग. केस बंद होऊन जाईन."

नरेशला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. भाऊ बोर्डासमोर आपली पाचही बोटं पसरणार होता. डॉक्टर लिहिणार होते, अपंगत्व शून्य. एका सहीत त्याची तीन बोटं कधी गेलीच नव्हती असं होणार होतं.

"माही बोटं तुह्या हातावर उगवली का बे?"

"दादा, समज ना. खरं सांगतलं तं माहा पास जाते. ब्लॅकलिस्ट होतो. समीक्षाचा बाप नोकरी पाहून पोरगी देऊन राहिला. आनि केस झाली तं?"

"आनि माहं?"

"तुले मी पोशीन ना जिंदगीभर. भाऊ हाव मी."

हे 'पोशीन' ऐकून नरेशच्या डोक्यात जे पेटलं ते त्याला आयुष्यभर पुन्हा आठवायचं नव्हतं. त्याने अमरदीपची मान धरून ताटावर आपटली. भाकर, वरण, पितळी ताट सगळं उडालं. अमरदीप उठायला गेला तशी त्याच्या पोटात गुडघा बसला. नरेशने त्याला फरफटत ओसरीत नेलं, मनगटावर आपला उजवा कोपर रोवला आणि त्याचा पंजा ठोकळ्यावर दाबला. डाव्या हातात सत्तूर होता.

"कागदावर तुही बोटं गेली ना? मंग जाऊ दे! कागद खरा करतो आज!"

"नरेश!" गिरजाबाई किंचाळली.

अमरदीपने हात ओढला नाही. ओढता आला असता, तो अंगाने मोठाच होता. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मार."

रोज शंभर कोंबड्या तोडणारा हात चुकत नाही. तो तीन बोटांवरच आला होता. पण मध्ये आईने जीव खाऊन नरेशच्या डाव्या कोपराला धक्का दिला आणि सत्तूर तिरपा पडला. तर्जनीचं पहिलं पेर तुटून ठोकळ्याच्या कडेला गेलं. रक्ताची चिळकांडी गिरजाबाईच्या लुगड्यावर उडाली. अमरदीपने असा आवाज काढला, जो नरेशने मिलमध्ये स्वतःच्या तोंडून ऐकला होता.

गिरजाबाईने आधी पोराचं बोट पदरात आवळलं आणि मग दुसऱ्या पोराच्या मुस्काटात मारली. एक नाही, चार. नरेश उभा राहून खात होता. अशा माणसाला काय म्हणावं? ज्याच्यासाठी हात गमावला त्याचाच हात तोडायला निघालेला. त्याला स्वतःची किळस आली, आणि तरीही आत कुठेतरी राग शिल्लक होता, हे त्याला जास्त वाईट वाटलं.

दोन दिवस गिरजाबाईने दोघांना वेगवेगळं वाढलं. शुक्रवारी सकाळी अमरदीपने उजव्या हाताच्या पट्टीवर रुमाल गुंडाळला आणि दारात उभा राहून म्हणाला, "चाल." नरेश दहा पावलं मागून चालला. मेच्या उन्हात डांबर चपलेला चिकटत होतं. आज भाऊ दोनपैकी एक सांगणार, हे त्याला माहीत होतं. हात बरा झाला म्हणेल, किंवा हे कुणी केलं ते सांगेल. दुसरं सांगितलं तर नरेश थेट ठाण्यात. सांगितलं तरी चूक नाही, असंही त्याला वाटलं.

बोर्डाच्या खोलीला नुसता पडदा होता. बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी पट्टी सोडवली.

"ये तो ताजा जख्म है," ते म्हणाले. "कागज पे पिछले साल का लिखा है. और तीन उंगली लिखी है. ये क्या है?"

नरेश बाकावरून अर्धा उठला.

"साब, ये घर में लगा," अमरदीपचा आवाज आला. "मुर्गा काट रहा था. इसका कागज से कोई लेना-देना नहीं." मग एका दमात, "कागजवाला हाथ मेरा नहीं है साब. मेरे भाई का है. मेरे पास पे मेरी ड्यूटी कर रहा था. मैं जुलूस में था. बाहर बैठा है. जो लिखना है लिखो, मैं सही करता हूँ."

नरेशला आत बोलावलं. डॉक्टरांनी त्याचा पंजा उलटा-सुलटा केला, खुंट दाबून पाहिले, अंगठा आणि करंगळी जुळते का बघितलं. नव्या कागदावर पहिल्यांदा त्याचं स्वतःचं नाव आलं. त्यापुढे डॉक्टरांनी तीस लिहिलं.

"और इसका?" नरेशने भावाच्या पट्टीकडे बोट दाखवलं. बोट म्हणजे करंगळी.

"तर्जनी का एक पोर? कारखाने में कटता तो नौ परसेंट. घर में कटा, उसका कुछ नहीं."

कलावती मॅडमच्या टेबलावर साक्षीदाराचा जबाब लिहून झाला. अमरदीपला पेन धरता येईना, तेव्हा त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा लावा." पट्टीमुळे अंगठा पॅडवर नीट टेकेना म्हणून नरेशने त्याचं मनगट धरलं. अमरदीपने दचकून हात मागे ओढला. मग परत पुढे केला.

बाहेर पायऱ्यांवर दोघं थांबले. सोमवारी अमरदीपला पास जमा करावा लागणार होता. समीक्षाच्या बापाला कोण सांगणार, हा प्रश्न होताच. नरेशच्या डोक्यात मात्र एकच हिशोब चालला होता. तिसातून नऊ गेले, उरले एकवीस.

"अमर," तो म्हणाला, "दर महिन्याले त्या तिसातले नऊ टक्के तुहे. थकबाकीतलेही. तुह्या बोटाचे."

अमरदीपने रुमालाने अंगठ्याची शाई पुसली.

"हानलं तवा मोजून हानलं होतं का दादा?" तो म्हणाला. "मंग आता मोजून कायले देतं?"