शिक्का पडलेला कागद

मी एक जुना, तारखेचा शिक्का आहे. माझी मूठ लाकडी, सांगाडा पितळी आणि पोटात दिवस, महिना व वर्ष यांचे तीन रबरी पट्टे. मला घडवणाऱ्याने वर्षाच्या पट्ट्यावर बाराच वर्षे कोरली. ती संपली की पट्टा बदलावा, एवढेच माझे आयुष्यशास्त्र.

मित्रांनो, एका मोठ्या कचेरीच्या आवक-खिडकीत मी तीस वर्षे राबलो. माझे मालक तिथले कारकून. सगळे त्यांना तारीखराव म्हणत. मी कागदावर उमटलो की तो कागद ते कोणालाही परत देत नसत. चूक आठवून धावत आलेल्यांना ते शांतपणे सांगत, "शिक्का पडला. आता कागद तुमचा नाही." वरिष्ठ या करारीपणाची वाखाणणी करत. त्या वाखाणणीत मीही फुगलो, हे कबूल करतो.

निवृत्तीच्या वर्षी, जानेवारीतच, त्यांच्यापुढे स्वतःचा अर्ज आला. नवरा-बायकोपैकी एक जण हयात असेपर्यंत दरमहा ठरलेले निवृत्तिवेतन, की त्यावर पाणी सोडून एकरकमी पैसे? एकदा निवडले की बदल नाही. तीन आठवडे तो अर्ज खणात पडून होता आणि तारीखरावांचा हात दिवसातून दहा वेळा त्या खणाकडे जाऊन परत येई. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला उलटे केले. माझा वर्षांचा पट्टा नुकताच नवा बसवला होता. शेजारच्या कारकुनाला ते हसून म्हणाले, "वडील सत्तराव्या वर्षी गेले, काका एकोणसत्तराव्या. मी आता अठ्ठावन्नचा. ही बारा वर्षं मला पुरून उरतील." बारा वर्षांचे वेतन एकरकमी पैशांहून कमी भरत होते. त्यांनी एकरकमीवर खूण केली आणि मला दाबले.

दुपारी त्यांची पत्नी खिडकीशी आली. ती शिवणकाम करी; गळ्यात अजून टेप होता. ती रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर हळूच म्हणाली,

"अहो, तो अर्ज द्या परत. सकाळी हो म्हटलं खरं, पण तेव्हापासून हात चालत नाहीये."

"शिक्का पडलाय."

"मग काय झालं? ट्रेमध्येच तर आहे, तुमच्या कोपराखाली."

"तीस वर्षं लोकांना नाही म्हटलंय. आज घरच्या माणसासाठी हो म्हणू?"

"कापड कापताना मी कडेला दोन बोटं जास्तीची माया ठेवते. तुम्ही आयुष्य मापात कापलंत, तेही फक्त तुमचं. माझी आई ब्याण्णव वर्षं जगली."

मागून कोणी तरी म्हणाले, "बाई, घरचं घरी बोला, आम्हाला गाडी गाठायचीय."

ती निघून गेली. चार वाजता ट्रे वर गेला. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा लेखापाल सहज म्हणाला, "चारच्या आत सांगायचं ना. तो फाडून दुसरा दिला असता." ज्या नियमाची आम्ही तीस वर्षे पूजा केली, तो कोणत्याही पुस्तकात नव्हता. कितीजणांना आम्ही त्या खिडकीतून रिकाम्या हाती पाठवले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

निरोप समारंभात मला भेट म्हणून त्यांच्या हाती दिले. तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. ते रोज माझी तारीख पुढे सरकवतात. व्याजाचे दर उतरले, छत गळू लागले, बाईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या डोळ्याची पुढे ढकलली आहे. सुईत दोरा आता तारीखराव ओवून देतात. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टरांनी तसे सांगितले तेव्हा दोघांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

गेल्या एकतीस डिसेंबरला माझे बारावे वर्ष संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने पट्टा फिरवला. पट्टा गोल असतो, मित्रांनो. शेवटच्या वर्षानंतर पुन्हा पहिले आले, त्या अर्जाचे. त्यांनी मला कोऱ्या कागदावर दाबले आणि बराच वेळ ते वर्ष पाहत राहिले. मशीन थांबवून बाई म्हणाल्या, "द्या इकडे तो कागद."

या वेळी त्यांनी तो दिला.

मित्रांनो, मला कोरडे ठेवा, माझे रबर जपा. पण माझ्या पट्ट्यावरून कोणाचे आयुष्य मोजू नका. आणि कोणी खिडकीशी येऊन कागद परत मागितला, तर आधी घड्याळ पाहा. चार वाजायला कदाचित अवकाश असेल.