डब्यातलं नाव

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. किती जुनी ते विचारू नका. अंगावरचा सोनेरी रंग कधीच उडाला आणि कंपनीच्या नावातली शेवटची दोनच अक्षरं उरली आहेत, त्यामुळे मला माझं स्वतःचं नावही धड सांगता येत नाही. आणि जन्मभर काम काय केलं, तर लोकांची नावं शिवली!

कारखान्यात आम्ही कितीतरी जणी एका रांगेत उभ्या होतो. कुणीतरी आमच्या चाकांना तेल पाजलं, चिंधीवर एकेक टीप मारून पाहिली आणि लाकडी खोक्यात घालून आम्हाला चारी दिशांना पाठवून दिलं. मी आले ती या घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली. समोर औषधांचं दुकान, कोपऱ्यावर शाळा. घरात शिवणकाम करणारी एक तरुण बाई, तिचा नवरा आणि त्यांची रांगती लेक. त्या बाईला सगळी गल्ली मावशी म्हणायची, म्हणून मीही मावशीच म्हणते.

सुरुवातीला पडदे आणि उशांचे अभ्रे शिवत मजेत दिवस चालले होते. मग शाळेनं नियम काढला की प्रत्येक मुलाच्या स्वेटरवर त्याचं नाव शिवलेलं हवं. त्या नियमानं मावशीचं घर चाललं आणि माझं कंबरडं मोडलं. मावशीची पद्धत ठरलेली होती. कापड रिंगमध्ये ताणायचं, अक्षरं सुटी सुटी काढायची, काना-मात्रा द्यायच्या आणि अगदी शेवटी, श्वास रोखून, वरची रेघ एका दमात ओढायची. गल्लीतल्या बायका ते बघायला खिडकीशी थांबत. माझंही कौतुक करत, हे कशाला लपवू?

मग एका वर्षी ते नाव आलं. मुलाचं नाव. दोन अक्षरं आणि एक काना. ते कोणतं, हे मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर तुमच्यातले निम्मे जण ‘ओ’ देतील. पुढच्या वर्षी तेच नाव घेऊन तिघी आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी मोजायचं सोडून दिलं. प्रत्येकीला वाटायचं, हे आपल्यालाच सुचलं! कुणी म्हणे हाक मारायला सोपं, कुणी म्हणे जगात कुठेही जा, लोकांच्या तोंडात पटकन बसतं. एका आजोबांना मात्र ते अजिबात पटलं नव्हतं. “हे काय नाव झालं? तोंड उघडावं तर संपतं पण!” असं म्हणत त्यांनी नातवाचा स्वेटर माझ्यापुढे टाकला होता. समोरच्या औषधवाल्यानं ते नाव पुकारलं की चार बाप एकदम पुढे व्हायचे. शाळेतल्या बाई शेवटी वैतागल्या आणि वर्गातल्या पाचांना लंबू, टिल्लू, चष्मा अशी नावं पडली. एवढा खल करून ठेवलेलं नाव स्वेटरवरच राहिलं.

मावशी हुशार. रिकाम्या दुपारी तिनं त्या नावाच्या पट्ट्याच करून ठेवायला सुरुवात केली. पांढऱ्या कापडावर निळी अक्षरं, आणि पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात. गिऱ्हाईक आलं की डबा उघडायचा, पट्टी लावायची, चारी बाजूंनी टीप मारायची. चहा निवायच्या आत स्वेटर तयार. मित्रांनो, मी तेव्हापासून थकले. जड कापडानं मी कधी थकले नव्हते, पण तीच दोन अक्षरं आणि तोच काना शिवून शिवून माझा जीव विटला.

मावशीच्या लेकीचं नाव मात्र चांगलं सहा अक्षरी होतं. वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. तिच्या पहिल्या स्वेटरच्या वेळी दारात गिऱ्हाइकं खोळंबली होती. छातीवर नाव मावेना, तेव्हा मावशीनं पहिली तीन अक्षरं काढली आणि रेघ ओढून मोकळी झाली. त्या तीन अक्षरांना काही अर्थच नव्हता. शाळेत पोरांनी लेकीला ‘अर्धी’ म्हणायला सुरुवात केली आणि शाळा संपेपर्यंत ती ‘अर्धी’च राहिली. घरी तिनं तक्रार केली नाही. मावशीनंही कधी विचारलं नाही.

पुढे बाजारात आपोआप नाव भरणारी मशिनं आली. गिऱ्हाइकं तिकडे गेली. मावशीचा नवरा वारला, तिला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आणि माझ्यावर जुनी चादर पडली. वर्षानुवर्षं तेलाचा थेंब नाही. माझ्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि छत्री ठेवायचे.

अशात लेकीला मुलगा झाला आणि ती महिनाभर आईकडे राहायला आली. एका सकाळी मावशीनं विचारलं, नाव काय ठरलं? लेकीनं तेच सांगितलं. दोन अक्षरं, एक काना.

मावशीनं कपाळाला हात लावला. “अगं, सगळी नावं संपली का? या नावानं माझी बोटं झिजली! बाबांचं ठेव की. कसं भारदस्त आहे.”

“बाबांचं नाव छानच होतं, आई. पण ते पूर्ण कुणी घेतलं कधी? जो तो मध्येच तोडायचा.”

“म्हणून असं ठेवायचं? वर्गात पाच-पाच असतात या नावाचे. हरवून जाईल पोर.”

“हरवू दे,” बाळाला थोपटत लेक म्हणाली. “पण अख्खा हरवेल ना. त्याचं नाव तोडायला जागाच नाही.”

चार दिवस दोघी कामापुरतं बोलत होत्या. जायच्या आदल्या दिवशी लेकीनं एक पांढरं दुपटं माझ्यावर आणून ठेवलं आणि म्हणाली, “यावर नाव तू घालून दे. दुकानातलं नको मला.”

मित्रांनो, मी मनातून हरखले. पण मावशीचा राग गेला नव्हता. तिनं माळ्यावरून तो गंजका डबा काढला, तळाची एक पिवळट पट्टी उचलली आणि चादर, गठ्ठा नुसता एका कडेला सारून माझ्याकडून दुपट्यावर चार टिपा मारून घेतल्या. मी कुरकुरले. कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं दुपटं उलगडलं. पट्टीच्या काठावरून बोट फिरवलं.

“डब्यातलं लावलंस?”

“तेच नाव आहे ना? त्यात काय फरक पडतो?”

लेक हळूच म्हणाली, “माझ्या स्वेटरच्या वेळी दारात गिऱ्हाइकं होती. आज कुठली घाई होती, आई?”

दुपटं माझ्यावर तसंच ठेवून ती आत बॅग भरायला गेली. चारला जावई न्यायला येणार होते. मावशी माझ्यापुढच्या स्टुलावर बसून राहिली. तिच्या तोंडात कुणी मारावी तसा तिचा चेहरा झाला होता. मला तिची दया आली आणि खरं सांगते, रागही आला.

मग तिनं ब्लेड घेतलं आणि पट्टी उसवली. माझ्यावरचा गठ्ठा, छत्री, सगळं खाली ठेवलं. तेलाची कुपी सापडेना तेव्हा स्वयंपाकघरातलं खोबरेल आणून चाकात घातलं. दुपटं रिंगमध्ये ताणलं. जे नाव ती डोळे मिटून काढायची, ते तिनं आज आधी पेन्सिलीनं लिहून घेतलं. दोनदा खोडलं. दोरा तीनदा तुटला, आणि त्यात माझाही दोष होता, सांधे आखडले होते. पहिलं अक्षर झालं. काना झाला. दुसऱ्या अक्षराशी तिचे डोळे भरून आले, म्हणून आम्ही दोघी थांबलो. लेक दारात येऊन उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन.

“वाकडं होतंय गं,” मागे न बघता मावशी म्हणाली.

“होऊ दे. चारला अजून वेळ आहे.”

मावशीनं श्वास रोखला आणि रेघ ओढली. मग हात पुसून बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारली. ते नाव तिनं हजारदा काढलं असेल, पण त्या नावानं कुणाला हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. बाळ झोपलेलंच राहिलं. तिनं पुन्हा हाक मारली.

मित्रांनो, नाव लहान असावं की मोठं, सगळ्यांचं असावं की कुणाचंच नसावं, यातलं मला मशीनला काय कळणार? माझं एवढंच मागणं आहे की आपल्या माणसाचं नाव असेल तेव्हा जरा बसा, वेळ काढा, ते पुरतं घ्या. आणि घरात माझ्यासारखी कुणी म्हातारी असेल तर तिच्यावर छत्री ठेवू नका. मी फार थकले आहे. ते नाव तर मला नकोसं झालं होतं. पण त्या दुपारी मावशीनं दोरा तोडला तेव्हा मला वाटलं, अजून एकदा शिवलं असतं तरी चाललं असतं.