स्नेअरची चरचर

गाणं सुरू झालं की धम्मरत्नचा स्नेअर ड्रम आपणच चरचरायचा. काडी लागो न लागो.

त्या ड्रमच्या पोटाखाली तारांची पट्टी असते. काडी मारली की तिच्यामुळेच तो कडक ‘चट्ट’ आवाज निघतो. पण या पठ्ठ्याला काडीची गरजच नव्हती. कोणी गायलं, चर्र. सेटमधला बाजूचा ड्रम, टॉम, वाजला, चर्र.

मारेगावच्या विहारात रविवारी दुपारी शेवटची प्रॅक्टिस होती. चार वाजता छोटा हत्ती टेम्पो येणार, सामान भरणार, आणि संध्याकाळी मुकुटबनला भीमगीतांचा कार्यक्रम. सकाळीच सत्यशीलाताईनं सांगून टाकलं होतं. ताई गायन पार्टीची मुख्य गायिका. अंगणवाडीत शिकवते, म्हणून ओरडत नाही. हळू बोलते, आणि ते जास्त लागतं.

"पाय धम्मा, चार वाजेपर्यंत थे चरचर बंद झाली तर ड्रम गाडीत. नाई तर भीमराजकाकाची ढोलकी हाय. तू कोरसमधी टाळ्या वाजव."

"टाळ्या, ताई?"

"मंग? सोबत तं नेतोच ना तुले."

ताईचंही चुकत नव्हतं. तिचं पहिलं गाणं रमाईवरचं. सुरुवातीला नुसती पेटी आणि तिचा आवाज. लोक श्वास धरून बसतात. मागच्या महिन्यात बोरी अरबला नेमकं तिथंच चर्र झालं, तर पुढं बसलेली म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "माइकात रातकिडा गेला काय वं?" अख्खा मांडव हसला. ताईनं तरी गाणं पूर्ण केलं.

तारा खाली पाडायला ड्रमला एक खटका असतो. धम्मरत्ननं तोही करून पाहिला होता. पण सेट जुना, खटका झिजलेला. वर केला की चरचरीपेक्षा मोठा ‘खट्ट’ व्हायचा, आणि एकदा तर अडकूनच बसला. मग त्यानं तारा ढिल्या केल्या. घट्ट केल्या, तर पिंपावर मारल्यासारखं वाजायला लागलं. नवीन तारा आणल्या. खाली रुमाल कोंबला. काही नाही.

आता सव्वातीन वाजले होते आणि तो ड्रमजवळ फरशीवर आडवा पडला होता, कान तारांना लावून.

"झोपला काय बे?" भीमराजकाका सतरंजीवर ढोलकी कसत होते. तीस वर्षं ढोलकी वाजवलेला माणूस. धम्मरत्न ड्रम मोबाइलवर पाहून शिकला, अर्धं समजलं, अर्धं नाही. पण एक गोष्ट मात्र काकानं शिकवलेली, आणि ती त्यानं अगदी मनावर घेतली होती: वाद्य कोणतंबी असो, गाणाऱ्याच्या सुरात लागलं पायजे. ताईचा सूर पेटीवरची काळी चार. मग त्यानं पेटी समोर ठेवून तीन दिवस घालवले आणि सगळेच्या सगळे ड्रम, दोन्ही तोंडांवरची पानं, वरची आणि खालची, काळी चारला लावले. खूप अभिमान होता त्याला त्याचा.

ताई चहाचा कप घेऊन येरझारा घालत होती. तोंड बंद ठेवून गुणगुणत होती, सा रे ग म, वर जायचं, खाली यायचं.

चर्र. मग शांत. मग परत चर्र.

धम्मरत्न उठून बसला. "ताई, थांबा. सा म्हणा."

"सा..."

चर्र.

"आता रे."

रे ला काहीच नाही. ग ला नाही. म ला नाही. सा ला आली की चर्र.

"माह्याच सुरावर काहून गुरगुरते हा?" ताईनं विचारलं.

धम्मरत्ननं टॉमवर बोट मारलं. चर्र. "ताई, मीच लावला तसा. सगळे एकाच सुरात लावले. तुमी गायल्या का ह्या स्नेअर हालते. टॉम वाजला का हालते. आन् थो हालला का तारा बोलतेत."

काकांचा हात थांबला. तंबोऱ्याची एक तार छेडली की दुसरी आपसूक हलते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण मान्य करायला जड गेलं.

"मंग काय बेसूर करशीन?"

"सुरातून काढा लागीन, काका."

"माह्यासमोर?"

धम्मरत्नला माहीत होतं, एकदा पानं हलवली की परत जागेवर आणायला वेळ नाही. फसलं तर आज टाळ्याच. आणि काकाही दुखावणार.

"तुमची ढोलकी सुरातच पायजे, काका. तिच्या पोटात तारा नाईत."

काकांनी ढोलकी बाजूला ठेवली. मग पेटी पुढ्यात ओढली. "लाव नटाले चावी. मी आयकतो."

धम्मरत्न स्नेअरच्या खालच्या पानाचा एकेक नट पाव पाव आटा पिळत गेला. काका पेटीची पट्टी दाबून धरायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "अजून चढव. तिकडची बाजू ढिली राह्यली. आता काळी पाचजवळ आला. थोडा वर घे." मग टॉम उतरवले. "हा अजून काळी चारलेच चिकटून हाय. उतरव त्याले." सगळे नट झाले तेव्हा दोघांच्या बनियनला घाम होता.

ताईनं कप खिडकीत ठेवला. "सा..."

फक्त पंख्याचा आवाज.

धम्मरत्ननं मोठ्या टॉमवर जोरात काडी मारली. थोडंसं चर्र झालं. लपवण्यात अर्थ नव्हता. "इतलं राहीन, ताई. पुरं नाई जात. पण वाजवतानी थे ऐकू नाई येत, आन् तुमच्या आलापात येनार नाई."

"येनार नाई म्हनते. आयकूनच घेतो."

तिनं रमाईचं गाणं पहिल्यापासून धरलं. वर गेली, सा वर येऊन थांबली, मुद्दाम थांबली, दम संपेपर्यंत. धम्मरत्न तारांकडे पाहत होता. तारा हलल्या नाहीत. बाहेर छोट्या हत्तीचा हॉर्न वाजला तरी तिनं ओळ सोडली नाही. पूर्ण करूनच डोळे उघडले.

"काका," ती म्हणाली, "तुमी गाडीत समोर बसा, ढोलकी मांडीवर घ्या. मागं ड्रम ठेवा लागतेत."

धम्मरत्न स्टँडचे नट खोलायला बसला. एक नट दोनदा घरंगळत गेला, आणि दुसऱ्या वेळी काकांनी तो पायानं अडवला.