चौथ्या गाण्यातली शिट्टी

सुजयने नऊ वर्षं दुसऱ्यांच्या रॅपला बीट्स बनवून दिले, आणि नऊ वर्षं त्याचं नाव गाण्याखाली भिंग लावून शोधावं एवढ्या बारीक अक्षरांत आलं. आता पहिल्यांदा आख्खा अल्बम त्याचा होता. अकरा गाणी, पोस्टरवर फक्त त्याचं नाव. आज संध्याकाळी पाचच्या आत गाणी कंपनीकडे पोचली नाहीत, तर जाहीर केलेली तारीख हातची जाणार होती. मिक्सिंगही आपणच करायचं, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. हट्ट कसला, खोडच म्हणा!

दुपारी दोनला समीरचा फोन आला. समीर म्हणजे चौथ्या गाण्यातला रॅपर, शाळेपासूनचा दोस्त.

"भिया, एकदम कडक झालंय. पण मागे ती सीटी कशाला टाकली? कान में घुसते यार."

 सुजयने कुठेही शिट्टी टाकली नव्हती.

"मुद्दाम आहे," तो म्हणाला. "इफेक्ट आहे तो."

मग त्याने ते गाणं सहा वेळा ऐकलं. हेडफोन लावून, काढून, आवाज वाढवून. शिट्टी काही सापडेना. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी त्याच्या डाव्या कानाला दडा बसला होता आणि आत शिट्टीसारखीच बारीक गुणगुण सुरू झाली होती; बाहेरचे बारीक आवाज तिच्यातच बुडून जात. सर्दी असेल म्हणून तो गप्प बसला. खरं तर त्याला धास्ती होती. बहिऱ्या प्रोड्युसरला काम कोण देणार? तेव्हापासून हा पठ्ठ्या स्क्रीनवरचे आलेख बघून, ऐकू न येणारे बारीक सूर अंदाजाने चढवत गाणी मिक्स करत होता, आणि सगळं ठीक आहे असं स्वतःलाच बजावत होता. ठीक नाही हे त्याला आतून ठाऊक होतं. म्हणून तर झोप उडाली होती.

आता दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायलाच हवं होतं. शहराबाहेर राऊ गावातल्या त्या फ्लॅटमध्ये त्याच्याशिवाय दोनच माणसं. वडील लक्ष्मीकांत हे कापड मिलच्या खडखडत्या मागांमध्ये बावीस वर्षं उभे राहिलेले; त्यांचे दोन्ही कान केव्हाच गेले होते आणि ते ऐकायचं मशीन लावत. राहिली आई. सुलोचनाबाई स्वयंपाकघरात भेंडी चिरत होत्या.

"आई, जरा दोन मिनट इकडे ये. यात सीटीसारखं काही वाजतंय का?"

त्यांनी सुरी हातात धरूनच ऐकलं. "वाजतंय की."

"आणि या दुसऱ्यात?"

"त्यातही. सगळ्यांतच येते रे, पंधरा-वीस दिवस झाले. दरवाजा बंद असला तरी येते. मला वाटलं, तुमचं म्युझिक असंच असतं."

सुजय मटकन खुर्चीत बसला. अकराच्या अकरा!

"तुला नाही ऐकू येत?" आईने विचारलं. त्याने गाणं बंद केलं. आईचा चेहरा उतरला.

लक्ष्मीकांत केव्हाचे दारात उभे होते. दोघांचे चेहरे बघून त्यांना काय ते कळलं.

"जेवताना तू हल्ली आईला उजव्या बाजूला बसवतोस," ते म्हणाले. "मी पण हेच करत होतो. साहेबाला समजलं तर खात्यातून काढेल, म्हणून सहा महिने लपवलं. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर उरलेलं तरी वाचलं असतं. चल, ऊठ. कानाच्या डॉक्टर चारपर्यंत असतात."

"बाबा, पाचला द्यायचंय! आई सांगत जाईल कुठे वाजतंय ते, मी काढत जाईन. कल सुबह जाऊ ना डॉक्टरकडे. नऊ वर्षं थांबलोय मी!"

लक्ष्मीकांतांनी शांतपणे कानामागे बोट नेलं. तिथे काहीच नव्हतं.

"माझं मशीन चार्जिंगला लावलंय," ते म्हणाले. "तरी तुझा शब्द न् शब्द ऐकू आला मला. इतक्या जोरात बोलतोस तू हल्ली."

सुजयने आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली. आज देणं होत नाही, एवढं त्याने कंपनीला लिहिलं आणि चपला घातल्या. राजवाड्याजवळ तिघांची ऑटो अडकली तेव्हा साडेतीन वाजले होते. इतका तो आजवर कधीच घाबरला नव्हता.

दवाखान्यात त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबा, भैया," तपासणारी मुलगी म्हणाली. "कितना भी बारीक हो." आधी उजवा कान. तो पटापट बटण दाबत गेला, आणि त्याच्या जिवात जीव आला. मग मुलीने खुणेने सांगितलं, आता डावा.

सुजय बटणावर अंगठा ठेवून सावरून बसला. नुसती गुणगुण होती. तपासायचं मशीन सुरू व्हायला वेळ लागत असेल. काचेपलीकडे मुलगी एकेक कळ दाबत कागदावर काही लिहीत होती. आईने तोंडाला पदर लावला होता आणि बाबांनी तिचा दंड धरला होता. सुरू कधी करणार, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात मुलीने पेन खाली ठेवलं आणि दार उघडलं.

"झालं भैया," ती म्हणाली. "या बाहेर."