पाठमोऱ्या माणसाची गुंडाळी

मित्रांनो, मी एक जुनी जपानी गुंडाळी आहे. नकाशा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या शाळेच्या कपाटात मला भारत आणि जग यांच्या मधे उभं केलंय. दरवर्षी बदलून आलेले नवे मास्तर मला खिळ्याला टांगतात, वरून खालपर्यंत पाहतात आणि वर्गाला विचारतात, "सांगा बरं, हा कोणता देश?" मागच्या वर्षी एका हुशार मुलीनं ब्रह्मदेश सांगितला आणि तिला शाबासकी मिळाली.

मी चित्र आहे. दोनशे वर्षांपूर्वी जपानात एका म्हाताऱ्यानं काजळीची शाई दगडावर उगाळली, ब्रश भिजवला आणि श्वास रोखून मला काढलं. काढलं म्हणजे फार काही नाही. एक माणूस, खांद्यावर काठी, पाठमोरा, धुक्यात चाललेला. तोही खाली कोपऱ्यात, वीतभर. बाकी सगळा कागद कोरा. ते कोरं म्हणजेच धुकं. माणूस काढायला म्हाताऱ्याला चार फटकारे लागले, पण कोरं कुठं सोडायचं हे शिकण्यात त्याचा जन्म गेला. त्याच्या घरी मला वर्षातून थोडेच दिवस टांगायचे. मग हात धुऊन, हळूच गुंडाळून पेटीत ठेवायचे. माझे लाड तेवढेच, आणि तेही तिथंच संपले.

लढाई झाली. गाव जळलं, घर जळलं, माझी पेटी तेवढी वाचली. उरलेल्या एका बाईनं मला दुधाच्या दोन डब्यांवर एका हिंदुस्थानी शिपायाला दिलं. देताना ती कमरेत वाकली. मला नमस्कार केला की डब्यांना, ते मला अजून कळलेलं नाही.

शिपायाचं नाव निवृत्ती. मोताळ्याच्या बाजाराला पायी जाता येईल अशा गावचा. लढाई संपल्यावर इंग्रजांची फौज जपानात जाऊन बसली होती, तिच्यात हा होता. घरी येऊन त्यानं मला ओसरीत उलगडलं, तेव्हा त्याची बायको कोकिळा पदर तोंडाला लावून हसली.

"अवो, हे तं तुमचीच पाठ हाय!"

"माही? काऊन?"

"उजवा खांदा पाहा ना. असाच खाली."

तिचं खोटं नव्हतं. त्या काळी बाजाराला जाताना नवरा पुढं चालायचा आणि बायको दहा पावलं मागं. घरात सासू-सासरे बसलेले, त्यांच्यासमोर नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची सोय नव्हती. म्हणजे संसार झाला, पण कोकिळेच्या वाट्याला जास्त आली ती पाठ. निवृत्ती झपाझप चालायचा. मागं वळून बघायची त्याला सवयच नव्हती. फौजेत तसं शिकवतच नसावेत.

मग महाराष्ट्र झाला. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी गावच्या बंधाऱ्याचं उद्घाटन ठरलं. मंत्री येणार म्हणून रस्त्यावर कमान उभी केली. सागाच्या बल्ल्या, केळीचे खांब आणि वर लोखंडी पत्र्याची भली मोठी पाटी, "स्वागतम्". पाटी इतकी जड की ती चढवायला सोळा माणसं लागली. बल्ल्या किती खोल पुरायच्या, हा विषय मात्र सभेपुढं आलाच नव्हता.

त्या दिवशी निवृत्ती आणि कोकिळा तिकडंच निघाले होते. तो पुढं, ती मागं. वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती खाली वाकली. आणि जन्मात कधी न थांबलेला निवृत्ती थांबला. बायको कुठं राहिली म्हणून मागं वळला. थांबायला जागा कुठली मिळाली? बरोबर कमानीखाली.

जपानातून सुखरूप आलेला माणूस "स्वागतम्"खाली सापडून मेला. मंत्र्यांची जीप दुसऱ्याच रस्त्यानं दुसऱ्याच गावाला गेली. आणलेले हार मात्र वाया गेले नाहीत.

तेराव्याला फोटो हवा होता. निवृत्तीचा फोटो आयुष्यात एकच निघाला होता, जपानात, सोबतच्या शिपायांबरोबर. तो कोकिळेनं मदतीच्या अर्जाला जोडून एका कचेरीत दिला होता. कारकुनानं सांगितलं होतं की मयत माणूस फोटोत दिसल्याशिवाय मयत धरता येत नाही. फोटो परत मागायला गेली, तेव्हा फाइल वर गेलेली होती. वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगितलं नाही. मदतही वरच राहिली.

म्हणून मला टांगलं आणि पाठमोऱ्या माणसाला हार घातला. शेजारची एक बाई म्हणाली, "अवं, ह्यो तं रुसून चालला! तोंड दाखव म्हणा."

ते वाक्य कोकिळेच्या मनात रुतलं. मी भिंतीवरून बघत होते ना. ती माझ्यासमोर बसायची, डोळे मिटायची आणि कपाळाला आठ्या घालायची. काहीतरी शोधायची, आणि ते तिला सापडत नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी पुण्याचे एक खासनीस जीप घेऊन गावोगाव फिरत आले. जुन्या समया, कोरीव दारं, असलं विकत घ्यायचे. ओसरीत आले, मला पाहिलं आणि पायातले बूट काढून उभे राहिले. दोनशे वर्षांत ज्याला मी कळले असा तो बहुतेक दुसराच माणूस.

"ही जागा बघा," ते कोऱ्या कागदाकडं बोट करून निवृत्तीच्या धाकट्या भावाला, पंजाबरावला म्हणाले. "या रिकाम्यातच सगळं आहे हो." मग एक आकडा सांगितला. तो ऐकून पंजाबराव खाटेवरून उठून पुन्हा बसला. आठ दिवसांनी येतो म्हणून खासनीस गेले.

"भाऊजी, त्यायचं तेवढंच राह्यलं घरात," कोकिळा हळूच म्हणाली.

"वैनी, पाठच तं हाय. पाठीले काय जपता? विहिरीवर इंजिन बसन, इंजिन! दादाच्या नावानं बसवू."

घर पंजाबरावचं, शेत पंजाबरावचं. ती चुलीकडं वळली. पंजाबरावला मात्र चैन पडेना. दोन दिवस तो माझ्यासमोर येरझारा घालत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"रिकाम्याचे इतके देते, तं भरल्याचे किती देईन बे?"

बाजाराच्या दिवशी मला काखेत मारून तो मोताळ्याला निघाला. कोकिळा दहा पावलं मागं. तिथं मोटार स्टँडजवळ कचरू पेंटरचं दुकान होतं. खताच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, सगळं तोच रंगवायचा. "स्वागतम्" ही पाटीही त्याचीच.

"सूर्य काढ," पंजाबराव म्हणाला. "लाल. मोठा. इकडं नारळाची झाडं. अन् अथी मधात इंजिन काढ, पाणी फेकून राह्यलेलं."

"धुक्यात इंजिन?" कचरूनं विचारलं.

"धुकं कुठी हाय? कागद कोरा हाय. पैसे वाचवले त्या जपान्यानं."

एवढं सांगून पंजाबराव खरोखरीचं इंजिन बघायला निघून गेला. कचरूनं तेलरंगाचा डबा उघडला. मित्रांनो, तो पहिला फटकारा कसा लागला ते मी सांगणार नाही. तुमच्यातल्या कुणाच्या अंगावर कधी उकळता चहा सांडला असेल, तर त्याला विचारा.

सूर्य झाला, झाडं झाली, इंजिन झालं. मग इतका वेळ दाराशी बसलेली कोकिळा पुढं आली.

"कचरूभाऊ, अजून एक काम हाय. ह्यायले तोंड काढून द्या."

"वैनी, हा तं पाठमोरा हाय!"

"म्हणूनच तं. जाऊन राह्यले पुण्याले. जायच्या आधी एक डाव पाहू तं द्या."

कचरूनं ब्रश खाली ठेवला. "बरं, नाक कसं होतं?"

कोकिळेनं डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या.

"डोळे? बारीक का मोठे?"

ती एकदम म्हणाली, "मले आठोत नाई हो, कचरूभाऊ. पाठ इचारा, सारी सांगतो. उजवा खांदा खाली. मानेवर वण. सदऱ्याले मागून ठिगळ, मीच लावलेलं. तोंड आठोत नाई. त्या दिवशी वळले होते म्हणते सारे. माह्याकडंच पाहून राह्यले होते. अन् मी चपलीचा अंगठा पाहत होतो. वर पाह्यलं तं तुमची पाटीच दिसली."

कचरूनं डिंकात रंग कालवून, बारीक ब्रशानं तोंड काढलं. मनापासून काढलं. पण त्याला तोंड एकच यायचं, विडीच्या जाहिरातीतल्या माणसाचं. तेच त्यानं माझ्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसवलं. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. माझ्या माणसाचं मुंडकंच उलटं झालं. पाय धुक्याकडं, तोंड तुमच्याकडं, आणि वर पिळदार मिशा.

"मिशा नव्हत्या," कोकिळा म्हणाली. "एवढं आठोते."

पण रंग वाळला होता. त्या कामाचे पैसे कचरूनं घेतले नाहीत.

खासनीस सांगितल्या दिवशी आले. पंजाबरावनं मला झटक्यात उलगडलं. "पाहा साहेब! एक बोट जागा रिकामी ठेवली नाई. सारं आमच्या खर्चानं!"

खासनीस खाटेच्या कडेला बसले. पाणी मागितलं. पाणी आलं, ते प्यायलेच नाहीत. बूट हातात घेऊन अनवाणीच जीपमध्ये जाऊन बसले. धुरळा खाली बसल्यावर पंजाबरावनं मला उकिरड्यावर भिरकावलं. कोकिळेनं उचलून आणलं, पुसलं आणि पुन्हा खिळ्याला टांगलं. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

घरात परका माणूस बसल्यावर बाई जसा ओढते, तसा.

दहा-अकरा वर्षं तिनं तो पदर माझ्यासमोर मागं घेतला नाही. विडीवाला मिशीत हसत होता आणि ती पाठ करून चूल फुंकत होती. विहिरीवर इंजिन कधी आलं नाही. घरातलं इंजिन माझ्या अंगावर, पाणी फेकत.

मग झुरळांना डिंकाचा वास लागला. तेलरंगाला त्यांनी तोंड लावलं नाही. सूर्य, नारळ, इंजिन सगळं शाबूत राहिलं. चेहरा मात्र रोज थोडा थोडा कुरतडला. आधी मिशा गेल्या, मग डोळे. शेवटी कपाळाचा तुकडा निघाला आणि खालून म्हाताऱ्याच्या काजळीतलं ते काळं डोकं दिसलं, थोडं खरवडलेलं, पुन्हा पाठमोरं.

त्या दिवशी सकाळी झाडताना कोकिळा थांबली. केस पांढरे झाले होते तिचे. तिनं पदर मागं सारला.

"हाव," ती म्हणाली. "असेच होते."

त्याच उन्हाळ्यात ती गेली. फोटो तिचाही नव्हता. तिच्यासाठी तर एखादी पाठसुद्धा कुणाकडं नव्हती, कारण तिच्या मागून कुणी चाललंच नव्हतं. पंजाबराव तोवर शाळेच्या कमिटीवर गेला होता. त्यानं मला शाळेला नकाशा म्हणून देणगी दिली. पावतीही घेतली.

मित्रांनो, आता माझी विनवणी ऐका. मला जपा असं म्हणायला माझ्यात फार काही उरलं नाही. दोरी सैल बांधा आणि कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवा, पुष्कळ झालं. पण घरात कुणाचा एकच फोटो असेल, तर तो कचेरीत देऊ नका. आणि बाजाराला जाताना तुम्ही पुढं असाल, तर मधून मधून मागं वळून बघत जा. मागच्या माणसाला तुमचं तोंड दिसू द्या, चपलेचा अंगठा तुटायची वाट बघू नका.

फक्त थांबायच्या आधी एकदा वर बघून घ्या, कमान तर नाही ना.